विश्लेषण : ‘ईपीएस-९५’ची पेन्शन नेमकी कुठे गोठली? तिशीच्या आतल्या नोकरदारांनीही हा हिशेब का पाहावा?

महिन्याच्या सुरुवातीला मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो : खात्यात १,००० रुपये जमा. सूतगिरणीत, साखर कारखान्यात, एसटीच्या आगारात किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाची ही महिनाभराची पेन्शन असते. गॅस सिलिंडर आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या की हातात काही उरत नाही.

याच महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. लाडकी बहीण योजनेची सुरुवातही १,५०० रुपयांनीच झाली. निराधारांना किंवा गरजू महिलांना हे पैसे मिळू नयेत, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याच्या नावावर वर्षानुवर्षे पेन्शनची वर्गणी भरली गेली, त्याला त्याहून कमी मिळावे, हे कोणत्या हिशेबात बसते?

या प्रश्नावर चर्चा झाली की ती बहुतेक वेळा ‘१,००० की ७,५००’ या आकड्यांवर येऊन थांबते. आकडा महत्त्वाचा आहेच, पण दुखणे त्याच्या मुळाशी आहे. खासगी नोकरदारांची पेन्शन ज्या पगारावर मोजली जाते, तो पगार कागदावर एका जागी थांबवून ठेवला आहे. त्याचा फटका आज सत्तरीत असलेल्यांना बसतो आहेच, पण आज पंचविशीत असलेल्यांना तो अधिक जोरात बसणार आहे.

ही योजना नेमकी काय आहे?

खासगी, सहकारी आणि अनेक महामंडळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९५२ च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, सुरू झाला. १९७१ मध्ये त्याला कुटुंब पेन्शनची जोड मिळाली. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर घरच्यांना आधार, एवढाच तिचा हेतू होता. निवृत्त होणाऱ्याला स्वतःला पेन्शन देणारी योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून आली. तीच ‘कर्मचारी पेन्शन योजना १९९५’, बोलीभाषेत ईपीएस-९५.

पगारपत्रकात पीएफपोटी १२ टक्के कापलेले दिसतात. तेवढीच रक्कम मालकही भरतो. कर्मचाऱ्याचे १२ टक्के पूर्णपणे पीएफमध्ये जातात. मालकाच्या १२ टक्क्यांचे मात्र दोन भाग होतात. ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. केंद्र सरकार आपल्याकडून १.१६ टक्के घालते.

खरी मेख पुढे आहे. हे ८.३३ टक्के पूर्ण पगारावर नसतात, तर सरकारने ठरवलेल्या कमाल वेतन मर्यादेवर असतात. ही मर्यादा १५,००० रुपये आहे. मूळ पगार १६,००० असो की ६०,०००, पेन्शन खात्यात महिन्याला जाणारी रक्कम साधारण १,२५० रुपयेच. सरकारचा वाटा जास्तीत जास्त १७४ रुपये.

पेन्शन मोजतात कशी?

सूत्र अगदी साधे आहे. पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, पण तीही मर्यादेच्या आतच. सेवा किमान १० वर्षे हवी. २० वर्षे पूर्ण करून ५८ व्या वर्षी निवृत्त झालात तर सेवेत २ वर्षे जादा धरतात.

एक उदाहरण घेऊ. समजा एक कामगार सप्टेंबर २००० मध्ये नोकरीला लागला आणि २५ वर्षे काम करून ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त झाला. शेवटचा मूळ पगार ४०,००० रुपये होता.

१ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला जुनी ६,५०० रुपयांची मर्यादा लागू होते. त्याची १४ वर्षे : ६,५०० गुणिले १४, भागिले ७०, म्हणजे १,३०० रुपये. नंतरची ११ वर्षे : १५,००० गुणिले ११, भागिले ७०, म्हणजे सुमारे २,३५७ रुपये. बेरीज ३,६५७. दोन वर्षांची सवलत धरली तरी आकडा ४,००० च्या आसपासच राहतो.

म्हणजे ३१ तारखेपर्यंत ४०,००० मूळ पगार घेणाऱ्या माणसाला १ तारखेपासून त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात घर चालवायचे आहे. त्यात कुठेही घोटाळा झालेला नाही आणि कोणत्या कारकुनाची चूकही नाही. सूत्र जसे लिहिले आहे तसेच चालले आहे.

मग काहींना १,००० रुपयेच का?

संसदेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार मार्च २०२४ अखेर ईपीएस-९५ चे ७८ लाखांहून अधिक पेन्शनधारक होते. त्यातले ३६ लाखांहून अधिक लोक किमान पेन्शनच्या पातळीवर किंवा त्याहूनही खाली होते. म्हणजे जवळपास निम्मे.

याची कारणे वेगवेगळी आहेत. १९९५ पूर्वीच्या सेवेला वरचे सूत्र लागूच नाही. त्या काळासाठी एक ठरावीक, अगदी छोटी रक्कम धरली जाते. सत्तरच्या दशकात कामाला लागून २००० च्या आसपास निवृत्त झालेल्यांची निम्म्याहून अधिक नोकरी अशा तुटपुंज्या रकमेत मोजली गेली. काहींची सेवा जेमतेम १० वर्षे भरली. काहींनी कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीतच पेन्शन सुरू केली. ५८ च्या आधी पेन्शन घेतली की प्रत्येक वर्षाला ४ टक्के कपात होते. विधवा पेन्शन तर साधारणपणे मूळ पेन्शनच्या निम्मीच असते.

१ सप्टेंबर २०१४ पासून केंद्राने किमान पेन्शन १,००० रुपये केली. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, राज्यसभेच्या याचिका समितीने या योजनेवर अहवाल दिला होता. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. किमान पेन्शन ३,००० रुपये करा आणि सरकारचा वाटा १.१६ वरून ८.३३ टक्क्यांवर न्या, असे त्या समितीने सुचवले होते. प्रत्यक्षात मिळाले १,०००. तेव्हापासून महागाई वाढत गेली, किमान पेन्शन होती तिथेच आहे.

महागाई सरासरी ५ टक्के धरली तर २०१४ च्या १,००० रुपयांची किंमत दहा वर्षांत सुमारे ६१४ रुपये होते. पेन्शन वाढली नाही एवढेच नव्हे, ती दर वर्षी थोडी थोडी कापली गेली.

या प्रश्नावरच्या देशव्यापी आंदोलनाचे एक केंद्र विदर्भात आहे, बुलढाण्यात. निवृत्त कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय संघर्ष समितीने डिसेंबर २०१८ पासून तिथे साखळी उपोषण चालवले. मागणी आहे किमान ७,५०० रुपये पेन्शन, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नींना मोफत वैद्यकीय सुविधा. मंत्री बदलले, आश्वासने मिळाली, दिल्लीत मोर्चेही निघाले. दरम्यान आंदोलनातली माणसे म्हातारी होत गेली.

दुखण्याचे मूळ कुठे आहे?

वेतन मर्यादेचा प्रवास पाहिला की ते लक्षात येते. १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा ५,००० रुपये होती. २००१ मध्ये ती ६,५०० झाली. मग तब्बल १३ वर्षे तिला कोणी हात लावला नाही. २०१४ मध्ये ती थेट १५,००० वर गेली आणि पुन्हा दशकभराहून अधिक काळ तिथेच थांबली.

दरम्यान बाहेरचे जग कुठे गेले? दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतनच १८,००० रुपयांच्या पुढे आहे. म्हणजे देशाच्या राजधानीत कायद्याने देणे भाग असलेला सर्वात कमी पगारही पेन्शनच्या कमाल मर्यादेहून जास्त आहे. कामगारांच्या आरोग्य विम्यासाठीच्या ईएसआयची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. एकाच श्रम मंत्रालयाच्या दोन योजना, एकच कामगार आणि त्याच्या पगाराच्या दोन वेगळ्या व्याख्या.

महागाई मोजून रक्कम आपोआप वाढवण्याची पद्धत आपल्याकडे नाही, असेही नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा ग्राहक किंमत निर्देशांक पाहून ठरतो. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी बदलतो. त्यासाठी कोणाला उपोषणाला बसावे लागत नाही. किमान वेतनाला महागाई कळते, महागाई भत्त्याला कळते. पेन्शनलाच तेवढी ती कळत नाही.

यातून आणखी एक गोष्ट घडते. वाढ नियमाने होत नसल्याने ती मेहेरबानी ठरते. निवडणूक जवळ आली की चर्चा, अधिवेशन आले की प्रश्नोत्तरे, अर्थसंकल्प आला की ‘यंदा तरी’च्या बातम्या. वर्गणी भरणारा माणूस याचक होऊन जातो.

आज पंचविशीत असलेल्यांचा यात काय संबंध?

हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही करता येतो.

समजा एखादी मुलगी आज २३ व्या वर्षी हिंजवडीत किंवा चाकणमध्ये नोकरीला लागली. ३५ वर्षे सलग काम करून ५८ व्या वर्षी निवृत्त होणार. दोन वर्षांची सवलत धरून सेवा ३७ वर्षे. मर्यादा १५,००० च राहिली तर पेन्शन : १५,००० गुणिले ३७, भागिले ७०, म्हणजे ७,९२९ रुपये. साधारण हीच या योजनेतली सर्वोच्च पायरी.

ही रक्कम तिच्या हातात ३५ वर्षांनी पडेल. तोवर महागाई सरासरी ५ टक्के राहिली तर त्या ७,९२९ रुपयांत आजच्या सुमारे १,४४० रुपयांचा बाजार येईल. म्हणजे आजच्या निराधार अनुदानाएवढाही नाही. बँकेबाहेर हयातीच्या दाखल्यासाठी उभ्या असलेल्या आजोबांची अवस्था त्या मुलीला आज परकी वाटत असेल. हिशेबाने ती तिचीच पुढची पायरी आहे.

आता समजा सरकारने मर्यादा एकदाच २५,००० केली आणि पुन्हा विसरून गेले. पेन्शन होईल १३,२१४ रुपये. आजच्या किमतीत ती भरते सुमारे २,४०० रुपये. म्हणजे एकदा मोठी उडी मारून पुन्हा बसून राहिल्यानेही प्रश्न सुटत नाही. उलट मर्यादा दर वर्षी महागाईबरोबर सरकत राहिली आणि पूर्ण सेवेला ती लागू झाली, तर हेच जुने सूत्र आजच्या जवळपास ७,९०० रुपयांएवढी पेन्शन देऊ शकते. फरक सूत्रात नाही. मर्यादा हलते की नाही, यात आहे.

पेन्शन सुरू झाल्यानंतरही हाच प्रश्न राहतो. ईपीएसच्या पेन्शनवर महागाई भत्ता नाही. ५८ व्या वर्षी जी रक्कम ठरली, तीच ७८ व्या वर्षीही मिळते. ५ टक्के महागाईने वीस वर्षांत तिची किंमत जेमतेम ३८ टक्के उरते. औषधांचा खर्च मात्र त्याच वीस वर्षांत सर्वाधिक वाढतो.

सरकारचे म्हणणे काय?

सरकारची बाजू समजून न घेता हा प्रश्न सुटणार नाही. संसदेत वारंवार दिलेले उत्तर असे : ईपीएस ही ठरावीक वर्गणीवर चालणारी योजना आहे. ३१ मार्च २०१९ रोजीच्या मूल्यांकनानुसार निधीत तूट आहे. म्हणजे पुढे द्यावयाच्या पेन्शनच्या मानाने जमा आणि अपेक्षित रक्कम कमी पडते. किमान १,००० रुपयांसाठीही केंद्राला अर्थसंकल्पातून भर घालावी लागते.

यात तथ्य आहे. १९९५ पूर्वीच्या काळात निवृत्तांच्या पेन्शनसाठी पुरेशी वर्गणी कोणी भरलीच नव्हती. एका ठरावीक निधीतून विधवांना, मुलांना, अपंगत्व आलेल्यांनाही पेन्शन द्यायची असते. तेव्हा ‘आमचेच पैसे आम्हाला द्या’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवते, पण हिशेबाला पूर्णपणे लागू पडत नाही.

मागणीची किंमतही पाहायला हवी. ३६ लाख लोकांना १,००० वरून ३,००० वर न्यायचे तर वर्षाला किमान ८,६४० कोटी रुपये लागतील. ७,५०० वर न्यायचे तर किमान २८,०८० कोटी. १,००० ते ७,५०० च्या मधल्या लाखो पेन्शनधारकांनाही वर आणायचे असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून बराच मोठा असेल. त्यावर महागाई भत्ता जोडला तर तो दर वर्षी फुगत जाईल.

पण तूट आहे म्हणून काहीच करायचे नाही, हे उत्तर असू शकत नाही. निधी कमी पडतो, कारण वर्गणीही त्याच गोठलेल्या मर्यादेवर घेतली जाते. मर्यादा हलली असती तर पेन्शनबरोबर वर्गणीही वाढली असती. तूट हे मर्यादा न हलवण्याचे कारण म्हणून सांगितले जाते. थोड्या वेगळ्या बाजूने पाहिले तर ती न हलवल्याचा परिणामही आहे.

सरकारी नोकरीला एक न्याय, कारखान्याला दुसरा?

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले. आठवडाभर कार्यालये, शाळा, रुग्णालये यांवर परिणाम झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ‘एकीकृत पेन्शन योजना’, म्हणजे यूपीएस, जाहीर केली आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळाने लगेच ती स्वीकारण्याचा निर्णय घेतला.

यूपीएसमध्ये २५ वर्षे सेवा असेल तर शेवटच्या वर्षातील सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शनची हमी आहे. १० वर्षे सेवा असेल तरी किमान १०,००० रुपये. त्यावर महागाईची भर. केंद्राचा वाटा १८.५ टक्के.

तिथे सरकार स्वतः मालक आहे, त्यामुळे थेट तुलना योग्य ठरणार नाही. सरकारी कर्मचाऱ्याला मिळते ते काढून घ्यावे, असेही कोणी म्हणू नये. पण दहा वर्षांच्या सेवेला एकीकडे किमान १०,००० आणि दुसरीकडे किमान १,००० हे दोन्ही आकडे एकाच देशातले आहेत. फरक हक्काचा कमी आणि ताकदीचा जास्त आहे. संप केला तर मंत्रालय थांबते. बंद पडलेल्या सूतगिरणीचा निवृत्त कामगार काय थांबवणार?

‘वाढीव पेन्शन’च्या निकालाने प्रश्न सुटला नाही का?

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्याच वेळी पूर्ण पगारावर पेन्शन निवडण्याची संधी ज्यांची हुकली होती, त्यांना चार महिन्यांची मुदत दिली. पुढे मुदत वाढत गेली आणि अर्जांची संख्या १७ लाखांच्या वर गेली.

हा मार्ग ज्यांचा पीएफ मर्यादेपेक्षा जास्त, म्हणजे पूर्ण पगारावर कापला गेला होता, अशा कर्मचाऱ्यांसाठी होता. त्यासाठी फरकाची मोठी रक्कम व्याजासह परत भरावी लागते. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेले त्यातून वगळले गेले. त्यामुळे मोठ्या पगाराच्या काही जणांना दिलासा मिळाला. ज्याचा पगारच कमी होता, त्याच्या १,००० रुपयांत या निकालाने एका रुपयाचीही भर पडली नाही.

मग स्वतःच बचत का करू नये?

‘ईपीएसवर कशाला अवलंबून राहायचे, एनपीएस करा, म्युच्युअल फंडात एसआयपी करा’ हा सल्ला रील्सवर रोज मिळतो. महिन्याला ८०,००० कमावणाऱ्यासाठी तो योग्यही आहे. पण कंत्राटी कामावर १८,००० मिळवणारा, त्यातले ६,००० खोलीभाडे देणारा आणि गावी पैसे पाठवणारा मुलगा एसआयपी कशातून करणार? सक्तीची पेन्शन योजना मुळात त्याच्यासाठीच असते.

अटल पेन्शन योजनेतही हाच दोष आहे. तिची हमी १,००० ते ५,००० रुपयांची. आज १८ व्या वर्षी नाव नोंदवणाऱ्याला साठाव्या वर्षी मिळणाऱ्या ५,००० रुपयांचे मोल काय असेल, याचा अंदाज वरच्या हिशेबावरून येतो. योजनेचे नाव बदलते, महागाईकडे पाठ तीच.

घरपोच सेवा देणाऱ्या ॲपवरची मुले तर या चौकटीच्या बाहेरच आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचा प्रथमच उल्लेख आला. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यावी, अशी तरतूद आहे. ती चांगली सुरुवात आहे. पण त्यातून महिन्याची ठरावीक पेन्शन मिळेल, अशी हमी कायद्यात नाही.

काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट, वेतन मर्यादा निर्देशांकाला जोडायला हवी. आज ती २१,००० करायची की २५,०००, यावर वाद होऊ शकतो. पण त्यानंतर ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी आपोआप बदलली पाहिजे. मर्यादा वाढली की मालकाचा खर्च वाढेल आणि मर्यादेवरच पीएफ कापणाऱ्यांच्या हातात येणारा पगार थोडा कमी होईल. पूर्ण पगारावर पीएफ भरणाऱ्यांच्या बाबतीत मालकाच्या वाट्यातला काही भाग पीएफमधून पेन्शनकडे वळेल. ही किंमत आहे आणि ती उघडपणे सांगायला हवी. तेरा वर्षांनी एकदम धक्का देण्यापेक्षा दर वर्षी थोडे पुढे सरकणे छोट्या उद्योजकालाही सोपे जाते.

दुसरी, किमान पेन्शन टप्प्याने वाढवावी आणि तिचा खर्च अर्थसंकल्पातून वेगळा दाखवावा. १९९५ पूर्वीच्या सेवेचा बोजा आजच्या तरुणांच्या वर्गणीवर टाकणे योग्य नाही. तो देशाने उचलायचा आहे. कोश्यारी समितीचे ३,००० हा २०१३ चा आकडा होता. आज सुरुवात त्याच्या वरूनच व्हायला हवी.

तिसरी, सरकारचा १.१६ टक्के वाटा वाढवावा, निदान कमी पगाराच्या कामगारांसाठी तरी. महिन्याला १७४ रुपये देऊन सामाजिक सुरक्षेचा दावा करता येत नाही.

चौथी, निधीचे मूल्यांकन दर वर्षी सोप्या भाषेत जाहीर व्हावे. तूट किती, ती कशामुळे, मर्यादा वाढवल्यास ती किती घटते वा वाढते, हे कामगार संघटनांना आणि मालकांना कळले तर चर्चा घोषणांवरून हिशेबावर येईल.

तोपर्यंत तुम्ही काय तपासावे?

नोकरी बदलताना पेन्शनची रक्कम काढून घेऊ नका. नोकरी सोडल्यावर फॉर्म १०सी भरून पेन्शनचे २०-३० हजार हातात घेण्याची सवय तरुणांत मोठी आहे. ते पैसे काढले की तेवढी सेवाही पुसली जाते. चार कंपन्यांत तीन-तीन वर्षे काम केले तर १२ वर्षे भरतात आणि आयुष्यभराची पेन्शन लागते. प्रत्येक वेळी पैसे काढले तर शून्य. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ही रक्कम काढण्यासाठी २ महिन्यांऐवजी ३६ महिने थांबण्याची अट ठेवण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने. आमचे पैसे अडवता कशाला, हा त्यावरचा राग समजण्यासारखा आहे. पण पेन्शनच्या हिशेबात थांबणाऱ्याचाच फायदा आहे.

पासबुक दर तीन महिन्यांनी उघडा. पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याची रक्कम दिसते का, हे पाहा. कंत्राटदार पगारातून कापतो आणि भरतच नाही, हे प्रकार त्यातच लक्षात येतात.

यूएएन एकच ठेवा. नाव, जन्मतारीख, नोकरी सोडल्याची तारीख आधारशी जुळते का, हे नोकरीत असतानाच तपासा. निवृत्तीनंतर एका अक्षराच्या फरकासाठी बंद पडलेल्या कंपनीचा शिक्का शोधत फिरावे लागते.

घरात पेन्शनधारक असतील तर हयातीचा दाखला वेळेवर द्या. तो वर्षातून केव्हाही देता येतो आणि तिथून १२ महिने चालतो. मशीनवर काम करून बोटांचे ठसे झिजले असतील तर मोबाइलवरून चेहऱ्याच्या ओळखीनेही दाखला देता येतो. ही पाच मिनिटांची मदत घरातल्या मुला-नातवंडांनी करायची आहे.

या सगळ्या काळजीने मिळणारी पेन्शन बुडणार नाही, पण ती वाढणारही नाही. ती वाढण्यासाठी नियम बदलावा लागेल आणि नियम बदलण्यासाठी त्याची मागणी करणारे आवाज वाढावे लागतील. आज बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत ही मागणी करणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे आहेत. गोठलेल्या मर्यादेचा सर्वात मोठा तोटा ज्यांना होणार आहे, ते मात्र अजून पगाराची स्लिप उघडून पेन्शनचा रकाना पाहत नाहीत.